नाव विचारा, पण नावावर थांबू नका!
(डहाणू-तलासरी भागातील जाहीर सभेत केलेले भाषण)



आज मी एका साध्या गोष्टीवर बोलणार आहे. माणसाच्या नावावर!

पोटासाठी गाव सोडणाऱ्यांची पाहणी करायची, तर घरोघर हिंडावे लागते. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो. म्हणून विद्वानांनी एक युक्ती काढली. टेलिफोनची किंवा मतदारांची यादी घ्यायची, नावावरून माणूस कुठला ते ठरवायचे आणि त्यांतले काही निवडून त्यांनाच प्रश्न विचारायचे. जर्मनीत टेलिफोनच्या यादीतून तुर्की नावे अशीच वेचली गेली. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियातून आलेल्यांची नावे निवडायला ‘नाम पेहचान’ नावाची संगणकी चाळणीच तयार झाली. तिथे ती पुष्कळशी चालते. तुर्काचे नाव जर्मनांच्या यादीत तांदळातल्या खड्यासारखे उठून दिसते.

पण हीच चाळणी घेऊन डहाणू-तलासरीत या! ‘इराणी’ आडनाव दिसले की यादीवाला म्हणेल, हा बाहेरचा. अहो, त्यांचे वाडवडील इराणातून आले हे खरे. पण चिकूच्या वाड्या लावून त्यांच्या पिढ्या इथेच वाढल्या. आणि सोमवारी जन्मला म्हणून सोम्या, बुधवारी जन्मला म्हणून बुध्या, अशी नावे दिसली की तोच म्हणेल, हे तर इथलेच वारली, यांना सोडा!

आणि हा सोम्या असतो कुठे? भात कापून झाले की उचल घेऊन वसई-भिवंडीच्या वीटभट्टीवर, नाहीतर वेरावळ-पोरबंदरच्या बोटीवर खलाशी! पाकिस्तानने दर्यात धरून तुरुंगात टाकलेल्यांत आपल्या तालुक्यांतली पोरेही सापडली आहेत. म्हणजे परके नाव घरी, आणि घरचे नाव परगावी!

दुसरी गोष्ट सीमेची. १ मे १९६० रोजी मराठी राज्य झाले, आणि त्याच वेळी उंबरगाव तालुका चिरला गेला. काही गावे गुजरातेत गेली, तलासरीकडची महाराष्ट्रात राहिली. रेघ कागदावर पडली; आडनावे दोन्हीकडे तीच, सोयरीक तीच. इकडच्या यादीतला सोम्या तिकडच्या हजेरीपटात ‘सोमाभाई’ होतो. मुकादमाने ‘भाई’ लावला म्हणून काय त्याची बोली बदलली? ग्रिअर्सनने १९०५ साली छापलेल्या खंडात वारली बोली मराठीखाली मांडली, ती बोलीचे नमुने तपासून. नावांची यादी चाळून नव्हे!

मी हे का सांगतो? जो मोजला गेला नाही, त्याच्यासाठी योजना आखणार कोण? भट्टीवर रेशन नाही, दवाखाना नाही. शाळेच्या पटावर पोराचे नाव आहे, बाकावर पोर नाही. ते आईबापांबरोबर विटा वाहते आहे.

मग नावे टाकूनच द्यायची का? नाही. नावाचा उपयोग करा, पण तीन गोष्टी पाळा.

पहिली : एकट्या आडनावावर जाऊ नका. स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव एकत्र वाचा, आणि यादी पाड्यावरच्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

दुसरी : चाळणीतून जी नावे गळली, त्यांतलीही काही घरे चिठ्ठ्या टाकून निवडा. तिथे जा, आणि आपली चाळणी किती चुकली ते मोजा.

तिसरी : दाराला कुलूप दिसले की ‘कोणी नाही’ असे लिहून मोकळे होऊ नका. पावसाळ्यात बोटी बंद असतात, भट्ट्या विझतात, माणसे शेतावर परततात. तेव्हा पुन्हा या आणि विचारा : दादा, गाव कोणते? कामाला कुठे जाता? कोणाबरोबर? घरात बोलता काय?

२०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, कचेरी जवळ आली. आता ‘लांब पडते’ ही सबब कोणी सांगू नये!

मित्रहो, नाव ही दारावरची पाटी आहे. उद्या कोणी नुसती पाटी वाचून परत फिरू लागला, तर त्याला हाक मारा, ओटीवर बसवा, पाणी द्या, आणि सांगा : आता माणसाचे ऐकून जा!

जय महाराष्ट्र!