खांब पाडला, तर पैसे कोण भरणार?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले मार्गदर्शन)



आपल्या बऱ्याच गटांनी कर्ज काढून टेम्पो, ट्रॅक्टर घेतलेत. हप्ता किती, व्याज किती, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. पण गाडीच्या विम्याचा कागद किती जणींनी उघडून वाचलाय?

समजा, गटाचा टेम्पो बाजाराला निघाला आणि वळणावर विजेच्या खांबाला धडकला. खांब वाकला, टेम्पोही चेपला. खांब महावितरणचा, त्याची भरपाई मागितली जाणार. विमा नसेल, तर ती गटाच्या बचतीतून जाणार.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. थर्ड पार्टी म्हणजे आपण आणि विमा कंपनी सोडून तिसरा. त्यात माणूस आला, तसाच विजेचा खांब, पुलाचा कठडा, ग्रामपंचायतीची पाइपलाइनही आली. आपल्या टेम्पोची दुरुस्ती मात्र यात येत नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते.

आता महत्त्वाचं. मालमत्तेच्या भरपाईला मर्यादा असते. दुचाकीला साधारण १ लाख रुपये, कार आणि टेम्पोला साडेसात लाख. पण हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून काही पॉलिसीत ही मर्यादा फक्त ६,००० रुपयांवर आणलेली असते! सहा हजारांच्या वरचा खर्च मग आपल्यालाच. म्हणून 'लिमिट्स ऑफ लायबिलिटी' ही ओळ एजंटकडून वाचून घ्या.

चालकाकडे त्या गाडीचा चालू परवाना नसेल, तर कंपनी दिलेले पैसे आपल्याकडून वसूल करू शकते. "घरचाच पोरगा आहे, चालवू दे" हे तिथे चालत नाही. मुद्दाम केलेलं नुकसान आणि पोलिसांचा दंड विम्यात बसत नाही.

अपघात झालाच, तर:

• तुटलेल्या तारेपासून लांब राहा. १९१२ वर महावितरणला आणि ११२ वर पोलिसांना कळवा.
• फोटो काढा. विमा कंपनीला लगेच कळवा.
• कंपनीला न विचारता "आम्ही भरून देतो" असं लिहून देऊ नका.

पुढच्या सभेला प्रत्येक गटाने पॉलिसीची झेरॉक्स आणायची. मुदत, मर्यादा, चालकाचा परवाना आणि ट्रॅक्टर असेल तर ट्रॉलीची नोंद, एवढं सगळ्या मिळून तपासू. पै-पै करून जमवलेली बचत एका वळणावर जायला नको.