पदवी घरी आली, वेळ कोठून आणावा?



आम्ही युनियनच्या कचेरीत वाचावयास शिकलेली माणसे. तेव्हा घरबसल्या पदव्युत्तर पदवी मिळते याचे आम्हांस अप्रूप वाटते. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेने २०१४ साली संगणकशास्त्राची अशी पदवी ऑनलाइन सुरू केली, तीही सुमारे ७,००० डॉलरांत. तेथील विद्यार्थी बहुतेक नोकरदार. विषय दहा. नोकरी सांभाळून एका सत्रास एकच विषय झेपतो. वर्षाची तीन सत्रे धरली तरी तीन वर्षे पुरत नाहीत. मुले निजल्यावर धडा ऐकावयाचा, रविवारी गृहपाठ उरकावयाचा. पैशांची फी उतरली, झोपेची मात्र चढली!

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली. ती विसाव्याची सुटी होती. आपल्याकडेही नोकरी करून असे शिकणारे आज तीच सुटी अभ्यासात घालवितात, आणि त्या विद्येचा लाभ मालकासही होतो. म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की परीक्षेच्या आठवड्यात त्यांस पगारी रजा मिळावी. आपणांपैकी जे मालक असतील त्यांनी ती आपण होऊन द्यावी. जे नोकर असतील त्यांनी पुढल्या मागणीपत्रात हे कलम घालावे.