भाताची कोठी आणि उंदराचा वंश

भिलाईच्या पोलाद-कारखान्याजवळचे जामुल आज सिमेंटमुळे ओळखले जाते. पण हा परिसर मूळचा भाताचा. कापणी झाली, खळे उठले, की धान्य कोठीत जाते आणि त्याच्या मागोमाग उंदीरही येतो. छत्तीसगढी बोलीत त्याला मुसवा म्हणतात. एका मुसव्याने खाल्लेले धान्य शेतकरी सोसू शकतो. त्याची वंशवृद्धी मात्र त्याला सोसवत नाही.

या वंशवृद्धीची रीत विलक्षण आहे. प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदराची मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते, सुमारे तीन आठवड्यांत विते आणि व्याल्यानंतर दिवसभरातच पुन्हा गर्भधारणेस सिद्ध होते. समागमानंतर तिच्या योनीमार्गात एक घट्ट, मेणासारखे बूच बसलेले आढळते. नराच्या वीर्यकोशातून आलेली प्रथिने आणि शेजारच्या ग्रंथीतील एक विकर यांचा संयोग होताच स्राव काही मिनिटांत गोठतो व हे बूच तयार होते. प्रयोगशाळांत सकाळी याच खुणेवरून रात्री समागम झाला हे ओळखतात आणि गर्भाचे वय मोजण्यास प्रारंभ करतात.

हे बूच कशासाठी? दुसऱ्या नराची वाट अडविण्यासाठी, असे उत्तर सहज सुचते. एकाच मादीच्या उदरात अनेक नरांच्या शुक्रजंतूंची चढाओढ चालते, हा विचार जेफ्री पार्कर यांनी 1970 मध्ये कीटकांच्या संदर्भात मांडला, आणि पुढे तो सस्तन प्राण्यांनाही लागू झाला. पण उंदरांत ही तटबंदी कच्ची ठरते. पुढचा नर पूर्वीचे बूच उखडून टाकू शकतो. काही खारींच्या माद्या तर ते स्वतःच काढून टाकतात.

मग निसर्गाने हा खटाटोप का केला? 1978 मध्ये मॅथ्यूज व ॲडलर यांनी दाखविले की उंदराचे बूच नीट, घट्ट बसले तरच शुक्रजंतू गर्भाशयात चांगले पोहोचतात. 2013 मधील प्रयोगांत ज्या घरउंदरांमध्ये ते विकर निर्माणच होत नव्हते, त्यांच्या समागमानंतर बूच बनले नाही आणि माद्यांना पिल्ले होण्याचे प्रमाण फारच घटले. म्हणजे हे बूच पहारेकऱ्यापेक्षाही वाहकाचे काम अधिक करते.

मनुष्याचे वीर्यही प्रथम गोठते. पण काही वेळातच दुसरे एक विकर त्याला पुन्हा पातळ करते. एकच मूळ योजना, परंतु प्रत्येक जातीच्या जीवनक्रमानुसार तिला निराळे वळण लागलेले दिसते.

या ज्ञानाचा जामुलच्या शेतकऱ्याला काय उपयोग? कीटकांच्या बाबतीत वांझ नर मोकळे सोडून कीड आटोक्यात आणण्याचा उपाय यशस्वी झाला आहे. उंदरांवर तो तसा चालणार नाही. शुक्रवाहिनी कापलेल्या नराचेही बूच बनते, कारण ते बनविणाऱ्या ग्रंथी शाबूत राहतात. पण ते बूच दुसऱ्या नराला रोखीत नाही. उंदरांची मादी एकाहून अधिक नरांशी जुळते; एक सक्षम नर शिल्लक राहिला, तरी वंश पुढे चालतो. म्हणून नर कमी करून भागत नाही. आवर घालायचा तो मादीच्या प्रजननाला, आणि तिला मिळणाऱ्या अन्नाला व आसऱ्याला.

शेतातील उंदरांचे प्रजनन पिकाच्या मागे चालते. पीक पोटऱ्यात येऊन दाणा भरू लागला, की बिळात पिल्ले वाढू लागतात. उपाय त्यापूर्वीच करावयाचे. बांध साफ ठेवायचे, बिळे हुडकायची आणि कोठीच्या फटी बुजवायच्या. शिवाय हे काम एकट्याचे नाही. एका शेतातून हाकललेला उंदीर शेजारच्या शेतात घर करतो. गावाने एकाच वेळी, एकाच मोसमात हात घातला, तरच कोठीतले धान्य घरच्या माणसांच्या ताटात पडेल.