चोवीस आठवडे

आमच्या घराला वाट पाहण्याची सवय आहे. माझे वडील बहारीनला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. दोन वर्षांतून एकदा सुट्टी, तीही दीड-दोन महिन्यांची. मधल्या काळात हवाई टपालाची निळी पत्रं आणि पुढं पुढं कॅसेटी. एखादा गाववाला आला की वडिलांचा आवाज भरलेली कॅसेट आणायचा आणि अम्मी दुपारी दार लोटून ती ऐकायची. बायको-मुलांना तिकडं न्यायचं तर पगार ठरावीक रकमेच्या वर हवा. वडिलांचा तो कधी झाला नाही. रायगड-रत्नागिरीच्या खाडीकाठच्या कितीतरी मोहल्ल्यांत असंच होतं, म्हणून त्याचं कुणाला नवलही वाटलं नाही.

पण आज मी बोलणार आहे ते माझ्या भाचीच्या वाट पाहण्याविषयी. ते वेगळं होतं.

डिसेंबर २०२१मध्ये तिचा निकाह झाला. मुलगा आमच्याच नात्यातला, आजोबांच्या वेळेपासून इंग्लंडमध्ये असलेल्या घरातला, तिथला नागरिक. तीन आठवड्यांची रजा घेऊन आला, लग्न करून परत गेला. मांडव उतरायच्या आत बायका विचारू लागल्या, "मग जाणार कधी?" आम्ही म्हणालो, दोन-तीन महिन्यांत.

अर्ज मुलीचा असला, तरी परीक्षा नवऱ्याच्या पगाराची असते हे आम्हाला नंतर कळलं. जुलै २०१२पासून ब्रिटननं नियम केला होता, की परदेशातल्या जोडीदाराला आणायचं तर तिथल्या जोडीदाराचं वर्षाचं उत्पन्न किमान १८,६०० पौंड हवं. मुलगी तिकडं जाऊन काय कमावेल, ते धरत नाहीत. आमच्या जावयाचा पगार त्याहून जास्त होता. मात्र लग्नाच्या सुमारास त्यानं नोकरी बदलली होती, तीही बढतीसाठी. नव्या मालकाच्या सलग सहा महिन्यांच्या पगारपावत्या जमल्या की मगच अर्ज करा, असा सल्ला मिळाला. झालं, अर्धं वर्ष तिथंच गेलं.

तेवढ्यात इतर कागद. क्षयरोग नाही याचा दाखला, त्यासाठी मुंबईला छातीचा एक्स-रे. तो फार आधी काढूनही चालत नाही, कारण दाखला सहाच महिने टिकतो. मग इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची परीक्षा. भाची म्हणाली, "मामू, ह्यांच्याशी मी आपल्या कोकणीत बोलते. मग परीक्षा इंग्रजीची का?" मला उत्तर सुचलं नाही. निकाहनामा उर्दूत होता. मी म्हटलं, मी भाषांतर करून देतो. अर्ज भरून देणारा तरुण हसला. घरच्या माणसाचं भाषांतर नको म्हणाला. ज्यांनी केलं त्यांनाही मेहेरच्या रकान्यापाशी माझ्याकडंच यावं लागलं. मुअज्जल म्हणजे लगेच द्यायचा आणि मुवज्जल म्हणजे पुढं कधीतरी. एवढ्याशा उच्चारात केवढा काळ मावतो!

माझ्यावर एक काम मात्र आलं. हे लग्न खरं आहे, असं घरातल्या वडीलधाऱ्यानं लिहून द्यायचं. मी तीस वर्षं कविता लिहितो आहे, बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय घेतलं होतं. रात्रभर बसून दोन पानं लिहिली. अंगणातल्या जाईचा मांडव, तिच्या बापाचे भरून आलेले डोळे, सगळं आलं. त्या तरुणानं वाचलं आणि अदबीनं म्हणाला, "काका, एवढं नको. तारखा लिहा. कुठं भेटले, कोण हजर होतं, रोज किती वेळ बोलतात." मी पुन्हा लिहिलं. अकरा ओळी झाल्या. आयुष्यात इतकं अवघड काही लिहिलेलं मला आठवत नाही.

सोबत दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बोलण्याचे छापील कागद होते. कुणाची कुणाशी भांडणं, "जेवलीस का?", "छत्री घेतलीत का?". भाचीनं ते पालथे घालून माझ्या हातात दिले. अम्मी पाहत होती. म्हणाली, "आमची पत्रं कुणी मागितली नाहीत, म्हणून बरं."

या संशयाला जुना इतिहास आहे, आणि तोही रांगेपासूनच सुरू होतो. पूर्वी लग्न झालेल्या बायकोला ब्रिटनला निघण्याआधी परवाना लागायचा आणि त्यासाठी आपल्याकडं लांबलचक रांगा असायच्या. लग्न ठरलेली मुलगी मात्र, तीन महिन्यांत लग्न करणार असेल, तर परवान्याशिवाय जाऊ शकायची. जानेवारी १९७९मध्ये पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका हीथ्रोला उतरली. हिचं लग्न आधीच झालंय, रांग चुकवायला ही खोटं बोलते आहे, असा अधिकाऱ्यांना संशय आला. तिची कौमार्यचाचणी झाली. फेब्रुवारीत बातमी छापून आली, भारतात संताप उसळला, तेव्हा तो प्रकार बंद झाला. त्यानंतरही, या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही, हे अर्जदारानं सिद्ध करायचा नियम होताच. तो १९९७मध्ये गेला. त्या मानानं माझ्या अकरा ओळी म्हणजे काहीच नाही.

जुलै २०२२मध्ये अर्ज गेला. शुल्क आणि तिथल्या आरोग्यसेवेचा अधिभार मिळून साडेतीन हजार पौंडांच्या आसपास, आपले सव्वातीन लाखांच्या पुढे. एरवी बारा आठवड्यांत निर्णय लागायचा. पण त्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं होतं. तिथल्या निर्वासितांचे अर्ज आधी हाती घेतल्यामुळं नवरा-बायकोच्या अर्जांची मुदत चोवीस आठवडे केलेली. जादा पैसे भरून लवकर निर्णय मिळवायची सोयही बंद. आता यात रागवायचं कुणावर? घरदार जळालेल्यांना आधी घेतलं, ते योग्यच. भाचीसुद्धा टीव्हीवर ती पोरंबाळं पाहून गप्प बसायची.

अम्मीच्या वाट पाहण्यात निदान घर तिचं होतं. हिचं तसं नव्हतं. लग्न झालेली, पण माहेरी. जूनमध्ये जवळच्या शाळेत बालवाडीची जागा निघाली होती. दोन महिन्यांसाठी कशाला, म्हणून तिनं नाही सांगितलं. शिवणाचं यंत्र घ्यायचं होतं, ते घेतलं नाही. गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले, त्यांनी विचारलं, "अजून इथंच?" दिवाळीला पुन्हा विचारलं. ऑक्टोबरपासून तिनं लग्नाकार्याला जाणं सोडलं. एका रात्री फोनवर नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही नोकरी बदलली नसती, तर?" मग चार दिवस दोघं बोलले नाहीत. त्या चार दिवसांचे कागद, नशीब, कुणाला द्यायचे नव्हते.

निर्णय जानेवारी २०२३मध्ये आला. पासपोर्टवरच्या चिकटपट्टीवर नव्वद दिवसांची मुदत होती, तेवढ्यात पोहोचायचं. तेरा महिने थांबवलेल्या मुलीला आता घाई करायला सांगत होते. ती नवव्या दिवशी गेली. पिशवीत सोलं, कुळथाचं पीठ आणि सुके बोंबील, चार पदरी गुंडाळलेले.

११ एप्रिल २०२४ला तो १८,६००चा आकडा २९,००० पौंड झाला. आधी गेलेल्यांना जुनाच आकडा लागू, म्हणून ती वाचली. आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीचं मात्र ठरलेलं लग्न त्यानंतर पुढं ढकललं गेलं. मुलगा आता रात्रीचं दुसरं काम शोधतो आहे, असं तिची आई सांगते.

भाचीचा परवाना तेहतीस महिन्यांचा होता. पाच वर्षं पुरी झाल्याशिवाय कायमचं राहता येत नाही, म्हणून २०२५च्या शरदात पुन्हा अर्ज करायचा होता. तिचा फोन आला, तेव्हा मी विचारलं, "पत्र लिहून पाठवू का?"

"नको मामू," ती म्हणाली, "या वेळी विजेची आणि गॅसची बिलं आहेत. दोघांच्या नावाची, एकाच पत्त्यावरची." मागं कुकरची शिट्टी झाली आणि तिनं फोन ठेवला.