औषधांची पिशवी घेऊन जा

चाळिशी ओलांडली की दुखणी एकेकटी येत नाहीत. आधी बीपीची गोळी सुरू होते, वर्षा-दोन वर्षांत साखर निघते, मग थायरॉईड, मग गुडघे. पित्त तर आपल्याकडे घरोघरी असतंच. यातल्या एकेका आजाराविषयी तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. हे सगळे एकाच अंगात एकत्र राहायला आले की काय होतं, त्याविषयी मी आज बोलणार आहे.

समजा, एक बाई आहेत. वय ५२, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बीपीचं औषध गावातल्या डॉक्टरांचं, साखरेचं तालुक्याच्या फिजिशियनचं. थायरॉईडची गोळी धाकट्या मुलाच्या बाळंतपणापासूनची, जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून महिन्याच्या महिन्याला आणलेली. गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्यांनी बरं वाटलं, म्हणून त्या तीन महिने चालूच आहेत. आता या डॉक्टरांपैकी कोणाचंच औषध चुकीचं नाही. पण सगळ्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून कोणीच पाहिलेल्या नाहीत.

गुडघ्याची गोळी म्हणजे डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या घराण्यातली. ही औषधं अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. रक्तदाब चढतो, बीपीच्या गोळीचा जोर कमी पडतो. गावातल्या डॉक्टरांना फक्त चढलेला आकडा दिसतो, ते औषध वाढवतात. त्यांनी ॲम्लोडिपिन वाढवलं तर काही जणांच्या घोट्यांना सूज येते. सूज दिसली की लघवी जास्त होण्याची गोळी जोडली जाते. त्या गोळीने युरिक ॲसिड वाढतं, एखाद्या रात्री पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकायला लागतो आणि बाई पुन्हा वेदनाशामक घेतात. गोळीचा त्रास हा नवा आजार समजला गेला आणि त्याच्यावर नवी गोळी आली, अशी ही साखळी. टेल्मिसार्टनसारखं बीपीचं औषध, लघवीची गोळी आणि वेदनाशामक अशी तिन्ही एकत्र आली, त्यात जुलाब-उलट्यांनी किंवा वैशाखातल्या उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं, तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मधुमेहामुळे ती आधीच नाजूक झालेली असतील तर धोका आणखी मोठा.

अमेरिकेतल्या डॉ. सिंथिया बॉईड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक कागदावरचा हिशेब मांडला होता. ७९ वर्षांची एक काल्पनिक बाई घेतली. तिला मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, हाडांची ठिसूळता आणि फुप्फुसांचा जुना विकार. मग प्रत्येक आजारासाठी तज्ज्ञांनी घालून दिलेले नियम तंतोतंत पाळले, तर तिला किती औषधं लागतील ते मोजलं. बारा औषधं निघाली, दिवसाला १९ मात्रा. त्यातली काही तर एकमेकांच्या आड येणारी. प्रत्येक नियम आपापल्या आजारापुरता बरोबर होता. बाईचा विचार मात्र त्यात कुठेच नव्हता.

म्हणून पहिलं काम. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि एक यादी करा. यादीत कंपनीचं नाव लिहू नका, पट्टीवर त्याच्या जवळपास छापलेलं औषधाचं मूळ नाव लिहा. चष्मा लागला तर लावा, नाहीतर शाळकरी नातवंडाला किंवा भाच्याला बसवा. यात मोठी गंमत कळते. एका डॉक्टरांनी दिलेली निळी गोळी आणि दुसऱ्यांनी दिलेली गुलाबी गोळी, दोन्हींत तेच औषध असतं. जनऔषधी केंद्रातून स्वस्तातली आणली, तरी घरातली महागडी संपेपर्यंत दोन्ही चालू ठेवणारेही आहेत. आमटीत घरातल्या तिघींनी एकमेकींना न विचारता मीठ घालावं, तसा हा प्रकार.

यादीत काढे, चूर्णं, रस हेही येऊ द्या. ‘ते काय, घरगुतीच आहे’ असं म्हणून आपण डॉक्टरांना सांगत नाही. पण खोकल्यासाठी, घशासाठी चघळलेला ज्येष्ठमध रोज आणि बराच काळ पोटात गेला तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम घटतं. कमी सोडियमचं म्हणून विकतात त्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडं अशक्त असतील किंवा टेल्मिसार्टन चालू असेल, तर ते विचारल्याशिवाय वापरू नये. आणि सांधेदुखीवर हमखास गुण देणारी, आत काय आहे ते न सांगणारी पुडी कोणी दिली, तर ती आधी डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं. त्याने दुखणं चार दिवसांत पळतं हे खरं, पण साखर आणि बीपी दोन्ही वर जातात. महिनोन्‌महिने ती घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

दुसरी गोष्ट वेळांची. थायरॉईडची गोळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास चहासुद्धा नाही. बहुतेक घरांत ती चहाच्या कपाबरोबरच जाते. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. नाहीतर गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरेशी उतरत नाही. मग वजन वाढतं, मलावरोध होतो, थकवा येतो, कोलेस्टेरॉलही चढतं आणि त्या प्रत्येकासाठी वेगळं औषध शोधलं जातं.

थकव्याचं आणि पायांना मुंग्या येण्याचं आणखी एक कारण सांगतो. साखरेसाठी मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. पित्ताची पँटोप्राझोलसारखी गोळी दीर्घकाळ चालू असेल तर तीही त्यात भर घालते. शिवाय माणूस शाकाहारी असेल तर विचारायलाच नको. ‘साखरेमुळे नसा गेल्या’ असं ठरवण्याआधी बी-१२ तपासून घ्यावं, ते भरून काढता येतं.

उपवासांचंही असंच. आषाढी एकादशीला किंवा नवरात्रात ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहिलात तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. नंतर साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाल्लात तर तीच साखर उंच उडी घेते. उपवास करूच नका, असं मी म्हणणार नाही. चार दिवस आधी डॉक्टरांना विचारा, त्या दिवसापुरता डोस बदलून मिळतो.

आता ही पिशवी न्यायची कोणाकडे? माझं मत स्पष्ट आहे. सगळ्यांत मोठ्या डॉक्टरांकडे नेण्यापेक्षा सगळ्यांत जवळच्या डॉक्टरांकडे न्या. तुमचं घर माहीत असलेला एमबीबीएस डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी हे काम उत्तम करू शकतात, फक्त तुम्ही त्यांच्यासमोर सगळं मांडलं पाहिजे. गर्दीच्या दिवशी जाऊ नका, औषधं तपासायला आलोय असं आधीच सांगा. आणि एक प्रश्न जरूर विचारा: ‘डॉक्टर, यातली कोणती कमी करता येईल?’ हा प्रश्न विचारायला आपण उगाच कचरतो. मात्र घरच्या घरी छाटणी करू नका. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखी औषधं एकाएकी थांबवली तर हृदयावर ताण येतो.

सुरुवात कुठल्या तक्रारीपासून करायची? आम्ही डॉक्टर आकड्यांपासून करतो: बीपी किती, साखर किती. मला वाटतं, मध्यमवयात पुष्कळदा दुखण्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं. गुडघा दुखतो म्हणून चालणं बंद, चालणं बंद म्हणून वजन आणि साखर वर, रात्री ठणका म्हणून झोप नाही, आणि झोप नाही म्हणून चिडचिड. बाईंच्या बाबतीत पाळी जाण्याचं वयही याच सुमाराचं. रात्री घामाने जाग येते आणि घरचे म्हणतात, ‘हिला राग फार येतो हल्ली.’ गुडघा जरा सैल झाला की यातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप हलतात. त्यासाठी रोजची वेदनाशामक गोळीच हवी असं नाही. वरून लावायचं डायक्लोफेनॅकचं मलम पोटातल्या गोळीपेक्षा रक्तात फार कमी जातं. खुर्चीवर बसून पाय सरळ उचलायचा, पाच आकडे धरायचा, खाली आणायचा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याला आधार मिळतो. ते जमलं की जेवणानंतर दहा मिनिटं चालणं. एक किलो वजन उतरलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. म्हणजे तीन किलोंनीसुद्धा फरक कळतो, वीस किलोंची वाट पाहावी लागत नाही.

पुरुष श्रोत्यांनो, घोरणं हा विनोदाचा विषय समजू नका. रात्री घोरता घोरता श्वास थांबतो असं घरातल्यांनी पाहिलं असेल आणि दिवसा पेपर वाचतानाही डोळा लागत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. तीन तीन गोळ्या घेऊनही न उतरणाऱ्या बीपीमागे पुष्कळदा हेच कारण निघतं.

यादी, पिशवी, वेळा हे सगळं सवडीने करायचं काम आहे. एका ठिकाणी मात्र सवड नसते. बऱ्याच वर्षांचा मधुमेह असेल तर हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. नुसती धाप लागते, दरदरून घाम फुटतो, मळमळतं, पोटाच्या वरच्या भागात जड वाटतं, जबडा किंवा डावा हात भरून येतो. घरात सगळे म्हणतात, पित्त झालंय, सोडा घे, जरा पड. अशा वेळी सोडा घेऊन पडून राहू नका, १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत ती औषधांची यादी हाताशी काढून ठेवा. रुग्णालयात पहिल्यांदा तीच विचारतात.