बसंल तेवढं मीठ
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेलं मनोगत)



निवृत्तीनंतर सध्या काय चाललंय ते प्रत्येकानं दहा मिनिटांत सांगावं, असं संयोजकांनी बजावलं आहे. सकाळपासून कुणी शेतीचं सांगितलं, कुणी गड-किल्ल्यांचं, कुणी नातवंडांचं. मी आणि माझी पत्नी स्वयंपाक करतो. मागच्या बाकावरून हशा येणार हे ठाऊकच होतं! कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिवणकाम आणि आपल्याला बागकाम असायचं. त्यामुळे बँकेतली नोकरी संपेपर्यंत माझी मजल चहापलीकडं गेली नव्हती.

सुरुवात काही हौसेनं झाली नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या आईला विसर पडायला लागला. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग आज वार कोणता ते, मग माणसांची नावं. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा एका रात्री ही मला म्हणाली, "अहो, आत्यांची चटणी आपल्यापैकी कुणालाच येत नाही. मी तीस वर्षं कांदे चिरून दिले, पण बरणी त्यांनीच भरली."

आईचं माहेर शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं. आजीनं सांगून लिहून घेतलेली पदार्थांची एक वही मामाच्या घरी होती. ऑगस्ट 2019 च्या महापुरात त्या घरात पाणी शिरलं आणि भांड्याकुंड्यांबरोबर वहीही गेली. उरलं ते आईच्या हातात होतं.

बाहेरगावी स्थायिक झालेल्या मित्रांच्या सुनांसाठी सांगतो, कोल्हापुरात 'चटणी' म्हणजे ताटात डावीकडं वाढायची चटणी नव्हे. उन्हाळ्यात वर्षभराची करून ठेवायची ती कांदा-लसूण चटणी. भाजी, आमटी, मिसळ, तांबडा रस्सा, सगळ्याचा जीव तिच्यात. तर त्या मार्चमध्ये आम्ही दोघांनी आईला मधे बसवलं आणि वही-पेन घेतलं. पण "किती?" असं विचारलं की ती गोंधळून जायची. हिनं विचारलं, "आत्या, मीठ किती घालू?" आई म्हणाली, "किती म्हणजे? बसंल तेवढं!" दोनदा विचारलं तर डोळ्यांत पाणी यायचं. आपल्याला काहीतरी येत होतं आणि आता सांगता येत नाही, एवढं तिला कळत होतं.

मग हिनं युक्ती काढली. वजनकाट्यावर मिठाचा डबा ठेवायचा. आईनं तिच्या हातानं हवं तेवढं घ्यायचं. डब्याचं वजन जेवढं कमी झालं, तेवढं वहीत लिहायचं. विचारायचं काहीच नाही. मी बँकेतला माणूस, आधीची शिल्लक आणि नंतरची शिल्लक मांडणं मला जमणारं काम होतं! आईच्या चार मुठी मीठ भरलं 260 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी नुसतं पाहायचं म्हणून पुन्हा चार मुठी घ्यायला लावल्या, तर 255. नातवाचं नाव तिला आठवत नव्हतं, पण मूठ पाच ग्रॅमनं चुकत होती.

तो हिशेब आज तुम्हाला देऊन टाकतो. एक किलो मिरची, त्यात 600 ग्रॅम ब्याडगी रंगासाठी आणि 400 ग्रॅम संकेश्वरी तिखटपणासाठी. अर्धा किलो कांदा. लसूण, सुकं खोबरं आणि धणे पाव-पाव किलो. तीळ 100 ग्रॅम, खसखस आणि जिरे 50-50 ग्रॅम. शिवाय लवंग, दालचिनी, मिरी, वेलदोडे, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, हळकुंड, हिंग असा मसाला. मिरची देठं काढून दोन दिवस कडक उन्हात. कांदा उभा चिरून, सुकवून, मग तेलात तळलेला. बाकी प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तीळ तडतडतो तेव्हा धणे अजून कच्चेच असतात. कांडपावर आधी मिरची, मग मसाला, मग कांदा-खोबरं आणि शेवटी लसूण-कोथिंबीर. ओला जिन्नस शेवटी, नाहीतर मिरची नीट कुटली जात नाही.

कांडपावर आईला खुर्चीवर बसवलं होतं. आपण कुठं आलोय हे तिला उमगत नव्हतं. तिथल्या बाईंनी तयार चटणीची चिमूट तिच्या हातावर ठेवली. आईनं जिभेला लावली आणि म्हणाली, "लसूण कमी हाय. आणि दोन गड्डे घाल." मी वही दाखवत होतो, पाव किलो बरोबर आहे म्हणून. पण ते आदल्या वर्षीचे, वाळून हलके पडलेले गड्डे होते. दोन गड्डे वाढवले आणि चटणी जुळली.

आई जाऊन आता दोन वर्षं झाली. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनीच वहीतल्या आकड्यांप्रमाणे चटणी केली, तर ती जहाल निघाली. त्या वर्षी संकेश्वरीच जास्त तिखट आली होती. तेव्हा 'बसंल तेवढं' याचा अर्थ आम्हाला कळला. आई माप टाळत नव्हती. त्या वर्षीची मिरची, त्या वर्षीचा लसूण पाहून माप ठरवत होती. आकडे हवेतच, त्यांच्याशिवाय सुरुवात करता येत नाही. पण पुढचं काम नाकाचं आणि जिभेचं. आता आम्ही वहीत आकड्याशेजारी आणखी एक रकाना पाडला आहे: 'या वर्षी जिन्नस कसा होता.'

चटणीनं नाद लावला आणि मग आम्ही वर्षच मांडायला घेतलं. हिचं माहेर आजऱ्याचं, पावसाचं आणि काजूचं. आईचं नदीकाठचं. एकाच जिल्ह्यातली दोन टोकं आमच्या एका ओट्यावर आली. एप्रिलमध्ये हिच्या भावाकडून ओले काजूगर येतात. ते सोलताना चीक लागू नये म्हणून हाताला खोबरेल चोपडायचं आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटपात उसळ करायची. पावसाळ्यात तिकडची भारंगी, टाकळा, कुर्डू. भारंगी कडू, म्हणून उकडून पाणी काढून टाकायचं. भात आजरा घनसाळचा. या तांदळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरी त्याच्या वासाला ते कधीच मिळालेलं होतं.

नागपंचमीला आमच्याकडं चिरणं नाही, तळणं नाही. म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. गौरी आल्या की पहिल्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरी. माहेरवाशिणीला आल्या आल्या हलकं जेवण, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, असा त्यातला विचार ही सांगते. मला तो पटतो. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की काकवी आणि ताजा गूळ. आपल्या गुळाला 2014 मध्ये मानांकन मिळालं, पण गुऱ्हाळं दरवर्षी कमी होताना दिसतात. त्या गुळात आईच्या माहेरची खपली गव्हाची खीर. गहू रात्रभर भिजवायचा, सडायचा, मऊ शिजवायचा आणि मगच गूळ घालायचा. गूळ आधी पडला तर गहू शिजायचं नाव घेत नाही. वर खोबरं, सुंठ आणि बडीशेप. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि लेकुरवाळ्या भाजीत नदीकाठची वांगी हवीतच.

रविवारचा पांढरा रस्सा आता माझ्याकडं आहे. मटणाचं अळणी पाणी, काजू-तीळ-खसखशीचं वाटण, खडा मसाला आणि नारळाचं दूध. हळद नाही, चटणी नाही. दूध घातल्यावर आच बारीक करायची आणि ढवळत राहायचं. फोन आला तरी घ्यायचा नाही. हा नियम हिनं भिंतीवर लिहून लावला आहे.

आमच्या कपाटात कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आहे. 1970 साली आलेलं हे पुस्तक वाटी-चमच्याच्या मापानं किती घरांना आधार देऊन गेलं! पण तुमच्या आजीच्या कटाची आमटी कुठल्याच पुस्तकात नसते. ती एका माणसाबरोबर असते, आणि त्या माणसाबरोबर जाते.

चाळीस वर्षं माझी पत्नी आणि आई एका स्वयंपाकघरात वावरल्या. सासू-सुनांत जे असतं ते होतंच. शेवटच्या दोन उन्हाळ्यांत मात्र दोघी एका काट्यासमोर बसल्या. एक मूठ भरायची, दुसरी आकडा वाचायची. आईनं हिला नावानं हाक मारणं थांबवलं होतं, 'पोरी' म्हणायची. ही म्हणते, तीस वर्षांत ऐकलं नव्हतं तेवढं तेव्हा ऐकून घेतलं.

म्हणून सर, बाई, तुमच्या साक्षीनं सगळ्यांना एक विनंती करतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आई, सासू, आत्या, मावशी अजून आहेत, त्यांनी या दिवाळीत त्यांच्याकडून एकच पदार्थ शिकून घ्यावा. विचारू नका, शेजारी बसा. काटा ठेवा, मापं लिहा आणि जिन्नस कसा होता तेही लिहा. पुरुषांनीही बसावं. पुढच्या मेळाव्याला प्रत्येकानं एक कागद आणावा. पन्नास घरांचे पन्नास कागद झाले, की वर्गाची वही होईल. टंकलेखनाची आणि छपाईची जबाबदारी मी घेतो. पहिला कागद चटणीचा, तो आजच संयोजकांकडं दिला आहे.

आणि मागच्या बाकावरच्या मंडळींनो, जेवणात आज जो पांढरा रस्सा आहे, तो मी केला आहे. हसून झालं असेल तर वाटी पुढं करा.