रिकाम्या पिशवीचा फोटो

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद, जिथून कुठून ऐकत असाल तिथल्या पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांशी आज मला बोलायचं आहे. त्यांच्या घरच्या बायकांशीही बोलायचं आहे, कारण खरा आकडा त्यांनाच माहीत असतो. सोनोग्राफीच्या खोलीत मी विचारतो, "काका, रात्री लघवीला किती वेळा उठता?" काका म्हणतात, "एकदा, फार तर दोनदा." मागे उभ्या असलेल्या काकू तोंडानं काही बोलत नाहीत, हाताचा पंजा वर करतात. पाच वेळा.

ही माणसं माझ्याकडे पोचतात तेव्हा त्रास सुरू होऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात. आपल्याकडे सोनोग्राफी म्हणजे बाळंतपणाची तपासणी, असं डोक्यात बसलंय. बाहेरच्या बाकावर गरोदर लेकीसुना बसलेल्या, दाराशी १९९४च्या कायद्याप्रमाणे लावलेली पाटी, की इथे गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही. त्या बाकावर बसायला धोतरातल्या माणसाला संकोच वाटतो. काही जण बाहेर झाडाखाली जाऊन उभे राहतात, आणि त्यातले काही तिथूनच बसस्टँड गाठतात. मला याचं फार वाईट वाटतं.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असलेली ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, वीसएक ग्रॅमची असते. चाळिशीनंतर हळूहळू वाढते. पन्नाशीतल्या साधारण निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते, ऐंशीच्या पुढे बहुतेकांत. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण नळी आवळली गेली की पिशवीला जोर लावावा लागतो. धार बारीक होते, थांबत थांबत येते. जोर लावून लावून पिशवीची भिंत जाड होते आणि शेवटी ती थकते. मग दरवेळी थोडी लघवी आत उरते. त्या साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे धरतात, आणि दाब मागे मागे किडनीपर्यंत जातो. हे सगळं सावकाश झालं तर दुखत नाही. घात होतो तो इथेच.

एक शेतकरी आजोबा पायांना सूज आली म्हणून तपासायला आले होते. लघवीचं विचारलं तर म्हणाले, "होते की, सारखीच होते." पोटावर मशीन ठेवलं तर पिशवी बेंबीपर्यंत आलेली, दोन्ही किडन्या फुगलेल्या. सारखी होत होती ती भरून वाहणारी लघवी होती. नळी घातल्यावर पहिल्या तासात लिटरभर निघाली.

आता तपासणीचं सांगतो, कारण इथे एक चूक फार होते. पिशवी भरलेली असावी लागते, म्हणून लोक गावातूनच दोन बाटल्या पाणी पिऊन निघतात आणि बसमध्ये दीड तास कळ सोसत येतात. असं करू नका. पिशवी प्रमाणाबाहेर ताणली की ती नीट आकुंचन पावत नाही, आणि आत उरलेली लघवी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. दवाखान्यात पोचल्यावर पाणी प्या, साधारण लघवी लागली की सांगा. पोटावर थंड जेल लावतात, सुई नाही, एक्स-रेसारखे किरण नाहीत. पहिला फोटो भरल्या पिशवीचा. मग लघवी करून यायचं, घाई न करता, आणि दुसरा फोटो रिकाम्या पिशवीचा. गर्दीत कुणी दुसरा फोटो न काढताच उठवलं, तर तुम्ही आठवण करून द्या.

रिपोर्ट इंग्रजीत, पाटी कानडीत, आपण घरी मराठी बोलणारे, म्हणून सांगतो काय पाहायचं. लोक ग्रॅमचा आकडा पाहून घाबरतात. मशीन ग्रंथी तीन बाजूंनी मोजतं, त्यांचा गुणाकार करून ०.५२ नं गुणतं. तोच तो आकडा. पण साठ ग्रॅमवाला निवांत झोपतो आणि तीस ग्रॅमवाल्याला नळी घालावी लागते, असं मी कितीदा पाहिलंय. आकडा लहान असला तरी ग्रंथीचा मधला भाग वर पिशवीत घुसला असला तर वाट अडते. म्हणून ग्रॅमच्या खालची ओळ वाचून घ्या: लघवी केल्यावर किती मिली उरली. पन्नासच्या आत असेल तर बहुधा काळजी नाही. दीडशे-दोनशेच्या वर असेल तर लघवीच्या डॉक्टरांना दाखवा. तीनशेच्या वर असेल तर पुढच्या बाजाराची वाट पाहू नका. किडनी फुगली आहे का, पिशवीत खडा आहे का, हेही विचारा.

एमआरआय सगळ्यांना लागत नाही. रक्तातलं पीएसए वाढलेलं असेल किंवा डॉक्टरांच्या बोटाला ग्रंथी टणक लागली, तर कॅन्सरची शंका तपासायला तो सांगतात. त्या बोटाच्या तपासणीला नाही म्हणू नका. मिनिटभराचं काम असतं.

थंडीचे दिवस आहेत, म्हणून आणखी एक. बिदरच्या गारठ्यात सर्दी होते, दुकानातून सर्दीची गोळी घेतली जाते. तिच्यातली काही औषधं नळीचं तोंड आवळतात किंवा पिशवीला सुस्त करतात. संध्याकाळी गोळी, आणि पहाटे लघवी पूर्ण तुंबलेली, असे रुग्ण येतात. गोळी घेताना दुकानदाराला लघवीचा त्रास सांगा. लघवी अजिबात होत नसेल, रक्त दिसत असेल किंवा तापासोबत जळजळ असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात या.

येताना जुने रिपोर्ट घेऊन या, आणि काकूंनाही.